चोखंदळ की किरकिरे? चिनी भाषकांसाठी नऊ इंग्रजी विशेषणांची कार्डं

४ मार्च २०२५, मंगळवार

वाचनालयातल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाचं हे सत्र ८ एप्रिलला संपतंय. त्याआधी शब्दकार्डांचा एक संच करायचा, असं आज ठरलं. ठिकाण सिडनी. वर्गात चौदा जण, त्यातले अकरा मँडरिन बोलणारे, तिघे हाँगकाँगकडचे, म्हणजे कँटोनीज. बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे.

निमित्त असं. वर्गातले एक काका बेकरीत कामासाठी मुलाखतीला गेले होते. पीठ, लोणी, भट्टीची आच, यातल्या कशातच आपण चालढकल खपवून घेत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, 'आय ॲम अ व्हेरी पिकी मॅन', म्हणजे ऐकणाऱ्याच्या लेखी, मी फार किरकिरा माणूस. समोरची बाई हसली. काम मिळालं नाही. कारण दुसरंही असेल, पण काकांना तो शब्दच टोचत राहिलाय. आज मी पर्स खाली ठेवायच्या आत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या मनात शब्द होता 'ज्यांगज्यू'. एखादी गोष्ट दर्जा सांभाळून, रीत पाळून करायची, त्यात आळस करायचा नाही, असा त्याचा सूर. चहा मुरवण्यात ज्यांगज्यू असतं, पाहुण्यांना कुठे बसवायचं यातही असतं. फोनने पुढे केलेल्या पर्यायांत 'पिकी' होतं, ते लहान म्हणून काकांनी उचललं.

संचात घ्यायचे शब्द: चूझी, पिकी, फसी, फिनिकी, पर्टिक्युलर, सिलेक्टिव्ह, डिसर्निंग, डिस्क्रिमिनेटिंग, फॅस्टिडिअस. नऊ पुरेत.

६ मार्च

सगळ्यांच्या फोनमधले चिनी अर्थ गोळा केले. नवांपैकी पाचांना एकच उत्तर: थ्याओथी. मग चिनी माणसाला हे पाच शब्द म्हणजे एकाच माणसाचे पाच सदरे वाटले तर नवल काय.

थ्याओथी हा शब्द मोठा चवदार आहे. पहिलं अक्षर निवडण्याचं, दुसरं हाडावरचं मांस खरवडून काढण्याचं. दातात अडकलेलं कोरून काढायलाही तेच दुसरं अक्षर वापरतात. याच्या पुढची पायरी म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत हान फेईच्या ग्रंथातून आलेला चार अक्षरी वाक्प्रचार, छ्वेईमाओ छ्यूत्स: केसांवर फुंकर मारून खालचा व्रण शोधणे. आपण खुसपट काढतो, ते फुंकर मारतात.

योजना: नवही शब्द एका पट्टीवर मांडायचे. डाव्या टोकाला निंदा, उजव्या टोकाला स्तुती. सोपं काम. दोन आठवड्यांत संपेल.

११ मार्च, मंगळवार

संपणार नाही. पट्टी बोंबलली.

जमिनीवर चिकटपट्टीची रेघ ओढली आणि कार्डं वाटली. फसी आणि फिनिकी निमूटपणे डावीकडे गेले, डिसर्निंग उजवीकडे. 'पिकी'चं कार्ड मात्र रेघेवर येरझाऱ्या घालायला लागलं. एक मावशी म्हणाल्या, 'माझी मुलगी पिकी. चौतीस वर्षांची झाली, एकही मुलगा पसंत पडत नाही.' कार्ड अगदी डाव्या टोकाला. वर्गातली सगळ्यात तरुण बाई, जी स्वतः एकटी राहते, उठली आणि म्हणाली, 'ती पिकी नाही, सिलेक्टिव्ह आहे.' मावशी चिनीत काहीतरी बोलल्या, सगळे हसले, ती बाई हसली नाही.

नंतर कळलं ते असं. आई लेकीला म्हणते, 'नी थाय थ्याओ ल', फार निवडत बसतेस. आणि जी निवडत बसली ती 'शंगन्यू', उरलेली बाई. २००७ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत हा शब्द घेतला होता. 'अजून किती स्थळं नाकारणार आहेस?' हे वाक्य ज्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकलंय, त्यांना मी वेगळं काय सांगणार.

१२ मार्च

रात्रभर डोक्यात तेच. मावशी आणि ती बाई एकाच मुलीबद्दल, एकाच वागण्याबद्दल बोलत होत्या. मुलगी किती निवडते याबद्दल त्यांच्यात वाद नव्हताच. म्हणजे फरक निवडीच्या प्रमाणात नाही. तो बोलणारं माणूस कुठे उभं आहे यात आहे. मावशींना त्या निवडीचा ताप होतोय, बाईला होत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या रेडिओवर याचा खेळ करून दाखवला होता: मी ठाम, तू हट्टी, तो आडमुठा मूर्ख. आपल्याकडे लावून पाहिलं: मी पारखी, तू चिकित्सक, तो मेला किरकिऱ्या. जमतंय.

पट्टी रद्द. आता प्रत्येक कार्डाच्या मागे अर्थ नाही, तीन प्रश्न: कोण म्हणतं? कोणाबद्दल? ताप कोणाला?

१५ मार्च

आईला फोन. सहज विचारलं, 'आई, चोखंदळ आणि चिकित्सक, फरक काय गं?'

'चोखंदळ बाई साडी घेऊन जाते,' ती म्हणाली. 'चिकित्सक बाई शंभर साड्या उलगडायला लावते आणि पदराचा काठ आवडला नाही म्हणून तशीच जाते. आज काय भाजी केलीस?'

आईला तीन प्रश्नांची गरज पडली नाही. ताप दुकानदाराला, हे तिने थेट सांगून टाकलं.

त्याच दमात पहिली चार कार्डं लिहून काढली.

पिकी: जेवण करणारी म्हणते, जेवणाऱ्याबद्दल. लहान मूल ताटातला कांदा बाजूला काढतं, तो 'पिकी ईटर'. चिनीत यासाठी सरळ थ्याओश आहे, निवडून खाणं. इथे फोनही चुकत नाही.

चूझी: पिकीचीच बहीण, पण जरा मोकळी. पर्याय समोर असतात तेव्हाच चूझी होता येतं. दोन्ही शब्द एकोणिसाव्या शतकातले, दोन्ही साध्या क्रियापदाला 'ई' लावून केलेले, त्यामुळे दोघांना अंगणाचा वास आहे, कचेरीचा नाही. अर्जात लिहू नयेत.

चूझीच्या उदाहरणासाठी वर्गाने चिनी म्हण दिली: जी बू झ श, भूक लागली की अन्न निवडत नाहीत. मी फळ्यावर देवनागरीत 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' लिहून अर्थ सांगितला. निजेचा धोंडा त्यांना भलताच आवडला. त्यांच्या म्हणीत झोप नाही.

फसी: याची दोन घरं. अमेरिकेत फसी बाळ म्हणजे किरकिर करणारं बाळ. माणूस फसी असला तर तोही किरकिऱ्याच, म्हणजे मराठीत एकाच शब्दात दोन्ही भागतात. इथे ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये मात्र 'आय ॲम नॉट फस्ड' सारखं कानावर पडतं. म्हणजे चहा आण की कॉफी, मला काहीही चालेल. एका आजींना वर्षभर वाटत होतं की सून असं म्हणते तेव्हा ती रागावलेली असते.

फिनिकी: मांजर, जुनं यंत्र, चावी अर्धी फिरवूनच उघडणारं कुलूप. बस.

१८ मार्च, मंगळवार

आज नुसतं व्याकरण, पण घाम काढणारं.

चौदांपैकी नऊ जणांनी 'पिकी टू क्लोद्स' असं लिहिलं. चूक कुठून येते ते फळ्यावरच दिसलं. चिनी वाक्य 'द्वेई'ने सुरू होतं, द्वेई कपडे फार थ्याओथी. द्वेई म्हणजे कशाच्या तरी दिशेला, समोर. त्याचं सरळ 'टू' झालं. इंग्रजीला इथे 'अबाउट' लागतं. आपण 'कपड्यांच्या बाबतीत चोखंदळ' म्हणतो, तेव्हा मराठी माणसाचं इथे आपसूक निभावतं. हे मी वर्गात बोलले नाही, उगाच फुशारकी वाटली असती.

दुसरा खड्डा पर्टिक्युलर. 'शी इज पर्टिक्युलर' म्हणजे ती काटेकोर आहे. 'अ पर्टिक्युलर वुमन' म्हणजे कोणी एक विशिष्ट बाई. शब्द तोच, जागा बदलली की माणूस गायब होतो. चिनीत विशेषण नामाच्या आधी ठेवलं काय आणि नंतर ठेवलं काय, त्याचा अर्थ असा पळून जात नाही, म्हणून त्यांना हे पटेना. कार्डावर लाल अक्षरात: 'इज'नंतरच ठेवा, पुढे 'अबाउट' जोडा.

बेकरीच्या काकांना त्यांचा शब्द मिळाला. 'आय ॲम पर्टिक्युलर अबाउट माय डो.' पर्टिक्युलर हा नवांतला एकमेव असा शब्द, जो माणूस स्वतःबद्दल बिनदिक्कत म्हणू शकतो; त्यात थोडी कबुली आणि थोडा अभिमान आहे. काकांनी ते वाक्य सहा वेळा म्हटलं, सहाव्यांदा छाती पुढे काढून.

२२ मार्च

सिलेक्टिव्हवर अख्खा शनिवार गेला. हा शब्द बाकीच्या आठांसारखा नाही, आणि चिनी मंडळींना तो सगळ्यात ओळखीचा वाटतो, म्हणून जास्त फसवा.

ओळखीचा का, तर न्यू साउथ वेल्समधल्या सिलेक्टिव्ह सरकारी शाळा. सहावीत परीक्षा, सातवीत प्रवेश. वर्गातल्या दोघींची नातवंडं त्या परीक्षेच्या शिकवणीला जातात, आपल्याकडची स्कॉलरशिप आठवते. त्यामुळे वर्गाच्या लेखी सिलेक्टिव्ह म्हणजे हुशार. एकीने लिहिलं, 'माय ग्रँडसन इज व्हेरी सिलेक्टिव्ह.' बिचारा नातू! निवड शाळा करते, मुलगा निवडला जातो. शाळा सिलेक्टिव्ह, मुलगा सिलेक्टेड. मराठी माणसाची हीच चूक दुसऱ्या बाजूने होते, कारण आपला 'निवडक' निवडून घेतलेल्याला लागतो, निवडणाऱ्याला नाही. निवडक लेख असतात, निवडक संपादक नसतो.

सिलेक्टिव्हला माणूस लागतच नाही, ही त्याची दुसरी खोड. सिलेक्टिव्ह तणनाशक तण मारतं आणि पीक सोडतं. त्याला पिकी म्हणून पाहा, तण हसेल. चिनीत यासाठी 'श्वेन्झशिंग' आहे, निवड करण्याचा गुण, आणि तो तणनाशकाला, औषधाला, स्मरणशक्तीला सारखाच लागतो. इथे इंग्रजी आणि चिनी एका तालात चालतात. नवांतली ही एकच जागा.

आणि एक गोष्ट कार्डावर मावणार नाही, म्हणून इथे टिपते. काही मुलं घरी घडाघडा बोलतात आणि शाळेत तोंड उघडत नाहीत. १९३४ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ मोरित्झ ट्रामर यांनी याला जे नाव दिलं, ते इंग्रजीत 'इलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हणून रुळलं. इलेक्टिव्हमध्ये 'आपल्या मर्जीने' असा वास येतो, म्हणजे मूल हट्टाने गप्प आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या निदानपुस्तिकेत ते बदलून 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' केलं: काही ठिकाणी गप्प, काही ठिकाणी नाही, एवढंच, मर्जीचा आरोप नाही. दोन्ही शब्दांच्या मुळाशी वेचण्याचं तेच लॅटिन क्रियापद, फक्त पुढचे उपसर्ग वेगळे. शब्दाचं कोण एवढं मनावर घेतं, असं म्हणणाऱ्यांना त्या मुलांच्या आया दाखवाव्यात.

२५ मार्च, मंगळवार

आजचा वर्ग ताणला गेला.

'डिस्क्रिमिनेटिंग' हे कार्ड वर केलं आणि खोलीत एकदम शांतता. सगळ्यांनी ते 'छीश' असं वाचलं: भेदभाव, हीन लेखणं. ज्यांना इथे बसमध्ये कोणी काही बोललंय, त्यांना हा शब्द स्तुतीचा कसा पटावा? 'डिस्क्रिमिनेटिंग कस्टमर' म्हणजे दर्जा ओळखणारं गिऱ्हाईक, असं मी सांगितलं. एक काका म्हणाले, 'लाओश', म्हणजे बाई, 'मला कोणी असं म्हटलं तर मी भांडेन.' भेदभाव करणाऱ्यासाठी 'डिस्क्रिमिनेटरी' असा वेगळा शब्द आहे, हेही सांगितलं. काका वहीत लिहून घेत म्हणाले, 'दोन्ही नकोत.'

बरोबर आहे त्यांचं. हे कार्ड संचातून बाहेर. वाचताना ओळखता आलं म्हणजे झालं, तोंडी वापरायची गरज नाही. ते काम डिसर्निंग करतो. दोघं एकाच मुळाचे, लॅटिनमधलं ते क्रियापद म्हणजे चाळणं, चाळणीने वेगळं करणं. डिसर्निंगला भेदभावाचा डाग लागला नाही, पण जाहिरातवाल्यांनी त्याला हात लावलाच. 'फॉर द डिसर्निंग ट्रॅव्हलर' असं छापलेलं दिसलं की खोलीचं भाडं आधी पाहावं. कार्डाच्या मागे लिहिलं: कोण म्हणतं? विकणारा. कोणाबद्दल? घेणाऱ्याबद्दल. ताप? खिशाला.

चिनीत यासाठी 'योउ येनग्वांग', नजरेत उजेड आहे. दुसरा शब्द 'शह्वो', माल ओळखणारा, हा खास बाजारचा. आणि या सगळ्यांचा मूळपुरुष पो ल, घोड्यांची पारख असलेला. तांग काळातले हान यू लिहून गेले की हजार मैल धावणारे घोडे नेहमीच असतात, पो ल नेहमी नसतो. हे वाक्य सगळ्यांना शाळेपासून पाठ. चौदा जणांनी एका सुरात म्हटलं, आणि मघाचा ताण गेला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड बाहेरून आणलं, दुपारी फॅस्टिडिअस हाती घेतला.

मूळ लॅटिन शब्दात किळस आणि तुच्छता दोन्ही आहेत. नाक मुरडणं, दुसरं काय. आज तो टापटिपीच्या, रेसभरही ढळू न देणाऱ्या माणसाला लागतो, पण मुरडलेलं नाक अजून पुरतं सरळ झालेलं नाही.

याचं सगळ्यात उत्तम उदाहरण मला वर्गातल्याच एका बाईंनी फोनवर दिलं. त्या चीनमधल्या छंगदू शहरात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या. त्या म्हणाल्या, हा शब्द मला माहीत आहे, पण माणसासाठी नाही, जीवाणूसाठी. काही जीवाणू साध्या खाद्यावर वाढतच नाहीत. हिमोफिलस इन्फ्लुएंझीला रक्तातले दोन खास घटक लागतात, म्हणून रक्त तापवून केलेल्या 'चॉकलेट अगार'वर तो वाढवतात. त्यात चॉकलेट नसतं, फक्त रंग तसा. असे जीवाणू इंग्रजीत फॅस्टिडिअस, चिनीत 'खयांग', पोसायला जाचक. ताप कोणाला, हे चिनी नावातच आलं: पोसणाऱ्याला. माझे तीन प्रश्न प्रयोगशाळेत आधीच सुटले होते.

ता. क. 'नाइस' हा शब्दही एके काळी याच घोळक्यात होता. लॅटिनमध्ये अडाणी, मग इंग्रजीत मूर्ख, मग किरकिरा, मग बारकाईचा, आणि आता नुसताच छान. 'अ नाइस डिस्टिंक्शन'मध्ये बारकाई अजून शिल्लक आहे. संचात घेणार नाही. मोह आवरला.

१ एप्रिल, मंगळवार

कच्च्या छपाईवर वर्गाने हात फिरवला. हाँगकाँगच्या तिघांची तक्रार: कार्डांवर सगळीकडे थ्याओथी का? आम्ही घरी 'गानजाक' म्हणतो. तो शब्द 'निवड' आणि 'निवड' अशा दोन अक्षरांचाच आहे, त्यात हाडं खरवडणं नाही. 'चिनी भाषकांसाठी' असं लिहून मी एकाच भाषेचे शब्द घातले होते. पाच कार्डं बदलली.

एका काकांचा भाऊ लॉस एंजेलिसला आहे. त्यांनी तिथल्या मांसाच्या पाकिटांचे फोटो दाखवले, एकावर 'चॉइस', दुसऱ्यावर 'सिलेक्ट'. चांगलं कुठलं? अमेरिकी शेती खात्याच्या उतरंडीत प्राइम, त्याखाली चॉइस, त्याखाली सिलेक्ट. १९८७ पर्यंत तिसऱ्याचं नाव नुसतं 'गुड' होतं. 'गुड' कोणी उचलेना, 'सिलेक्ट' म्हटलं की निवडून काढल्यासारखं वाटतं. काका म्हणाले, विकणाराच म्हणतोय ना. पंचवीस मार्चचा धडा पोचला.

८ एप्रिल, मंगळवार

शेवटचा वर्ग. संच आठ कार्डांचा, चौदा प्रती, कोपरे कात्रीने गोल केलेले. चार प्रतींत फिनिकीचं कार्ड उलटं चिकटलं, शोभतं त्याला.

वर्गानंतर ज्याओझ, म्हणजे सारण भरलेल्या चिनी करंज्या, करायचा बेत होता. वाचनालयाच्या मागच्या छोट्या ओट्यावर एका आजींनी जिऊत्सायच्या मोठ्या जुड्या ठेवल्या. चपट्या पानांची, लसणीच्या वासाची पात. पिवळी पानं काढायची, मुळाकडचा चिखल झटकायचा. आजींनी विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात? मी 'पिक ओव्हर' म्हटलं, पण माझं लक्ष त्यांच्या चिनी शब्दाकडे होतं: जायत्साय. त्यांनी ओट्यावर ओल्या बोटाने अक्षर काढलं. 'श्वेन्झ'मधलं तेच अक्षर, भाजीच्या वेळी उच्चार 'जाय'. म्हटलं, आमच्याकडेही भाजी निवडतात, तोच शब्द. आणि खिडकीतून कुंपणावरचे उमेदवारांचे फलक दाखवले, ३ मेच्या मतदानाचे: त्यालाही तोच, निवडणूक. आजींनी फलकांकडे पाहिलं, हातातल्या जुडीकडे पाहिलं, आणि एक सडका देठ काढून टाकला.

मग मीही निवडायला बसले. मेथीच्या सवयीने देठ जरा जास्तच खुडत होते. पाचेक मिनिटांनी आजींचं लक्ष माझ्या बाजूच्या ढिगाकडे गेलं. त्यांनी त्यातून मूठभर चांगली पात उचलून परत आपल्या पातेल्यात टाकली.

'लाओश,' त्या म्हणाल्या, 'यू आर टू पिकी.'

पात त्यांची, पैसे त्यांचे.

पुढच्या छपाईसाठी: पिकीच्या कार्डावरचं कांद्याचं उदाहरण काढायचं, हे घालायचं.